दिवसा लावलेलं दार

शिस्त असली की माणूस घरात बसून जग चालवू शकतो. या वाक्यावर मेलरॉय मिस्किटाचा पूर्ण विश्वास बसला तेव्हा सकाळचे सहा वाजले होते, घर शांत होतं आणि चहा गरम होता. चहा संपायच्या आत त्याची मुलगी इव्हा उठली आणि तिने आपल्या ब्रशने त्याच्या लॅपटॉपचा कीबोर्ड स्वच्छ घासून दिला. पेस्ट लावून. एवढे दात आणि रोज कोणीच घासत नाही, याचं तिला बरेच दिवस वाईट वाटत होतं.

मेलरॉय रागावला नाही. रागवायला आदल्या रात्रीची थोडी झोप शिल्लक असावी लागते. त्याने कापूस घेतला आणि एकेक कळ पुसत बसला. ‘एस’च्या खाली फेस राहिला तो राहिलाच.

मिस्किटांचं घर मरोळच्या गावठाणात. मेट्रोतून जाताना काचेच्या इमारती दिसतात, त्यांच्या मधल्या फटीत काही कौलं, काही पत्रे आणि एक पांढरा क्रूस दिसतो, ते गावठाण. मेलरॉयचे आजोबा इथे भात लावायचे. बाप कारखान्यात गेला. मेलरॉय विम्याचे दावे तपासतो. नागपुरात कोणी गुडघा बदलला, तर तो खरोखरच बदलला का आणि एकच बदलला का, हे तो मरोळमध्ये बसून बघतो. ऑफिस ऐरोलीला, पण साथीच्या दिवसांत सगळे घरी गेले ते घरीच राहिले, आणि मेलरॉयच्या संसाराची घडी त्यावरच बसली.

घडी नाजूक होती. त्याची बायको डेल्फिन पार्ल्याच्या एका हॉस्पिटलात नर्स. तिची ड्युटी दर आठवड्याला बदलते. ती कधी बदलेल हे हॉस्पिटललाही आदल्या दिवशीच कळतं. इव्हा सीनियर केजीत, शाळा दुपारची. मेलरॉयची आई वारलेली, डेल्फिनचे आईबाप वसईला, आणि त्यांच्या गुडघ्यांचे दावे कोणी तपासायच्याही पलीकडे गेलेले. थोडक्यात, सकाळी इव्हाला आंघोळ घालणारा, दुपारी शाळेत सोडणारा आणि संध्याकाळी तिच्या वहीतलं बदक रंगवणारा माणूस एकच होता, आणि तोच गुडघेही मोजत होता.

अशात कंपनीचा मेल आला. पुढच्या महिन्यापासून सर्वांनी ऐरोलीला हजर व्हायचं. मात्र ज्यांचं घर कामाला योग्य असल्याचं सिद्ध होईल, त्यांना घरूनच काम करता येईल. सिद्ध करायची पद्धत अशी, की ठरलेल्या दिवशी सकाळभर कॅमेरा चालू ठेवायचा आणि एचआर खात्यातल्या कोणीतरी पुण्याहून ते बघायचं.

डेल्फिनने मेल वाचला आणि विचारलं, “आणि नापास झालास तर?”

“तर सात वाजता निघायचं आणि नऊला परत.”

“आणि इव्हा?”

मेलरॉयने मेल पुन्हा वरपासून वाचायला घेतला. डेल्फिनचा गणवेश इस्त्रीचा राहिला होता, म्हणून ती उठली.

मेलसोबत कंपनीने एक पुस्तिका पाठवली होती. घरी राहून कार्यक्षम कसं व्हावं, यावर. मुखपृष्ठावर एक बाई पांढऱ्या टेबलाशी बसून हसत होती, टेबलावर एक कुंडी होती आणि मागे एक बाळ झोपलं होतं. मेलरॉयने ते चित्र बराच वेळ निरखलं. त्याला त्या बाळाच्या तब्येतीची काळजी वाटली.

पण माणूस बुडायला लागला की पुस्तिकाही वाचतो. मेलरॉयने ती दोनदा वाचली आणि मनापासून अमलात आणली. पहाटे उठणं आणलं. भिंतीवर रंगीत चौकोनांचं वेळापत्रक आणलं. त्यातले हिरवे चौकोन इव्हाला आवडले म्हणून तिने पिवळेही हिरवे केले. फोन कामाच्या वेळी दूर ठेवावा असं पुस्तिकेत होतं, म्हणून तो तांदळाच्या डब्यात ठेवायची सवय केली. बाहेरचे आवाज अजिबात ऐकू येऊ न देणारे हेडफोन आणले. मरोळमध्ये डोक्यावरून विमानं जातात, ती त्या हेडफोनमध्ये नाहीशी झाली. त्या दिवशी त्याला आयुष्यात प्रथमच विमानतळाचा राग आला नाही.

सगळ्यांत अवघड प्रकरण होतं ते मुलांना सीमा समजावून सांगण्याचं. घरच्यांना स्पष्ट सांगा, की आत्ता मी ऑफिसात आहे, असं पुस्तिका म्हणत होती. मेलरॉयने त्यासाठी निळा शर्ट काढला. पप्पाने निळा शर्ट घातला की पप्पा ऑफिसात गेला. शर्ट काढला की घरी आला. मधल्या वेळात पप्पाशी बोलायचं नाही, कारण तो इथे नाहीच.

इव्हाने हे लगेच मान्य केलं. मुलांना असलं सगळं मोठ्यांपेक्षा लवकर समजतं. त्यानंतर ती कामाच्या वेळात त्याच्याजवळून जाताना त्याच्याकडे बघायचीही नाही. फक्त थोड्या थोड्या वेळाने खुर्चीमागे येऊन हवेला विचारायची, “पप्पा घरी कधी येणार?” हवा उत्तर देत नसे. हेडफोनमुळे हवेला ते ऐकूच येत नव्हतं. एकदा मेलरॉयने हेडफोन काढलेला असताना ते ऐकलं, आणि त्या दिवशी सोलापूरच्या एका माणसाचे दोन्ही गुडघे त्याने न बघताच मंजूर केले.

उरला तो दाराचा प्रश्न. स्वतंत्र खोली आणि बंद दार ही पुस्तिकेची पहिली अट होती आणि पाहणी करणाऱ्यांची मुख्य. मिस्किटांच्या घरात दारं दोनच, पुढचं आणि मागचं. मधे सगळे पडदे. पुढचं दार ओट्यावर उघडतं, ओटा गल्लीत, आणि गल्लीत दिवसभर सगळ्यांची सगळी दारं उघडी. त्यातून कोंबड्या येतात, मुलं येतात, कुरिअरवाला पाणी प्यायला येतो. लावलेलं दार म्हणजे घरातली माणसं गावाला गेली, आणि तसं असेल तर चावी समोरच्या घरी असते.

माणूस आत असताना दिवसा दार लावलेलं असेल, तर त्याचाही एक अर्थ गल्लीत होता. मेलरॉयला तो माहीत असायला हवा होता. पण ती गोष्ट घडली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता, आणि त्या दिवसांतलं त्याला एवढंच आठवत होतं, की घराघरांतून झाकलेली भांडी इकडून तिकडे जात होती. त्याला वाटलं होतं, कोणाचं तरी लग्न आहे.

पाहणीच्या आदल्या संध्याकाळी तो समोरच्या सिंथिया आंटीकडे गेला. सिंथिया आंटीने अर्ध्या गल्लीची पोरं सांभाळलेली; उद्या सकाळी इव्हाला तुझ्याकडे ठेवशील का, एवढंच त्याला विचारायचं होतं. आंटीने कारण विचारलं. एचआरचा कॉल आहे, सकाळभर कोणी आत यायला नको, त्यावर बरंच काही अवलंबून आहे, असं तो म्हणाला. दमलेला माणूस कमीत कमी शब्द वापरतो आणि ते नेमके चुकीचे निवडतो. आंटीला एचआर म्हणजे काय ते ठाऊक होतं. तिच्या जावयाला त्यांचा एकदाच कॉल आला होता, आणि त्यानंतर तो पुढची दिवाळी आणि नाताळ घरीच होता.

ती फक्त “बरं” म्हणाली आणि तो निघताना तिने त्याच्या हातावर दोनदा थोपटलं. मेलरॉयला ते शुभेच्छांसारखं वाटलं.

सकाळ झाली. डेल्फिन पहाटेच ड्युटीवर गेली होती. मेलरॉयने निळा शर्ट घातला, इव्हाला समोर सोडलं, उजेड तोंडावर येत होता म्हणून खिडकीला चादर लावली. मागच्या दाराची कडी कधीच लागत नव्हती, ते त्याने कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधलं. फोन तांदळात. मग त्याने पुढचं दार लावलं, आतून कडी घातली, आणि टेबल असं फिरवलं की कॅमेऱ्यात त्याच्या पाठीमागे ते बंद दार पूर्ण दिसावं. पाहणी करणाऱ्यांना मागून शोधायला नको. हेडफोन चढवला. विमानं गेली, गल्ली गेली, आणि पडद्यावर पुण्याची इरावती आली.

इरावती तिशीतली, नीटनेटकी, तिच्यामागे पांढरी भिंत आणि एक कुंडी. पुस्तिकेतलीच बाई असावी असं मेलरॉयला क्षणभर वाटलं. फक्त ही हसत नव्हती. तुम्ही नेहमीसारखं काम करा, मी फक्त बघणार आहे, असं ती म्हणाली. कोणी तरी आपल्याकडे बघत असताना नेहमीसारखं काम करणं किती अवघड असतं हे मेलरॉयला पहिल्याच दाव्याला कळलं. जळगावच्या एका बाईंचं पित्ताशय त्याने चारदा उघडून बंद केलं.

समोर सिंथिया आंटी इव्हाला चहात पाव बुडवून देत होती. देता देता तिने विचारलं, की तुझा पप्पा दिवसभर घरी काय करतो गं.

“पप्पा घरी नसतो,” इव्हा म्हणाली. “निळा शर्ट घालतो आणि ऑफिसात गेलो असं खोटं खोटं करतो.”

“रोज?”

“रोज. मग त्याच्याशी बोलायचं नाही.”

आंटीच्या हातातला पाव चहात पडला. ओट्यावर तिचा नवरा सेबॅस्टियन पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला आणि समोरच्या दाराकडे बघितलं. ते लावलेलं होतं. सकाळची वेळ, पोरगा आत, आणि दार लावलेलं.

सेबॅस्टियनला एक थोरला भाऊ होता, जेफ्री. या पट्ट्यातले कारखाने एकामागून एक बंद पडत होते तेव्हा जेफ्रीचाही पडला. जेफ्रीने घरी सांगितलं नाही. तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून डबा घेऊन निघायचा आणि संध्याकाळी परत यायचा, आणि घरच्यांना वाटायचं, कारखाना चालू आहे. एके दिवशी तो निघाला नाही. शर्ट घातला, दार लावलं आणि आत बसला. बाहेरून जाणाऱ्यांनी बघितलं, कोणाला काही वाटलं नाही. दमला असेल, झोपू दे, असं म्हणून सगळे पुढे गेले. सेबॅस्टियनही पुढे गेला. संध्याकाळी दार तोडलं तेव्हा फार उशीर झाला होता.

तेव्हापासून गल्लीत एक पद्धत पडली. ती कोणी ठरवली नाही. कोणाची नोकरी गेल्याचं कळलं, की त्या घरी जेवण पाठवायचं, ओट्यावर जाऊन बसायचं, काही विचारायचं नाही, आणि दार लावू द्यायचं नाही.

थोड्याच वेळात मिस्किटांच्या ओट्यावर माणसं येऊन बसली. सेबॅस्टियन बसला, शेजारचा लवू बसला, कोपऱ्यावरची चंपा मांडीवर मटार घेऊन बसली. आंटीने पेज आणि सुक्या बोंबलांची चटणी आणून झाकून ठेवली. कोणी बोललं नाही. पोरांना गप्प केलं गेलं. पाण्याच्या टाकीशी चाललेलं भांडण उद्यावर ढकललं गेलं.

आत मेलरॉयने पाणी प्यायला मिनिटभर हेडफोन बाजूला केला, आणि चकित झाला. गल्ली एवढी शांत त्याने जन्मात ऐकली नव्हती. शिस्तीचा हा परिणाम आहे, असं त्याच्या मनात आलं. माणसाने स्वतःला आवरलं की भोवतालचंही आवरलं जातं, असं पुस्तिकेत शेवटच्या पानावर होतं आणि ते वाक्य त्याने तेव्हा खोटं मानलं होतं. त्याने मनातल्या मनात पुस्तिकेची माफी मागितली आणि हेडफोन पुन्हा चढवला.

म्हणून दारावरची टकटक त्याने ऐकली नाही.

सेबॅस्टियनने पहिल्यांदा एका बोटाने वाजवलं, मग मुठीने. हाक मारली. आंटीने फोन लावला. तो तांदळात वाजला, आणि तांदळातला फोन कोणालाच ऐकू येत नाही. लवू मागच्या दाराला जाऊन आला आणि म्हणाला, की ते आतून दोरीने बांधलंय. खिडकीवर चादर. दोरी हा शब्द ऐकून सेबॅस्टियनचा चेहरा उतरला. मग त्याने आणि लवूने पुढच्या दाराला खांदे लावले.

पुण्यात इरावती पडद्यात जरा पुढे झुकली.

“मेलरॉय, तुमच्या मागचं दार हलतंय का?”

“वारा असेल, मॅडम.”

“आतल्या बाजूला येतंय.”

“जुनं घर आहे. सवय आहे त्याला.”

त्याने मागे वळून बघितलं नाही. लक्ष विचलित होऊ न देणे, याला पाहणीत गुण असणार होते. तो पित्ताशयाकडे बघत राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात इरावतीचा हात तोंडाशी गेलेला दिसला, तेवढ्यात बिजागरीसकट दार आत आलं आणि दारावर सेबॅस्टियन आणि लवू आले.

गल्ली पाठोपाठ आली. सेबॅस्टियन उठला, टेबलाशी आला, मेलरॉयला दोन्ही खांद्यांना धरून बघितलं, मान बघितली, हात बघितले. मग त्याने मेलरॉयच्या डोक्यावरचा हेडफोन वायरसकट ओढून काढला आणि डोक्यात एक टपली मारली. जोरात.

“दार का लावलंस?”

“काम करतोय, अंकल.”

“काम सगळेच करतात. दार कोण लावतं?”

सेबॅस्टियनने पुन्हा त्याचा खांदा धरला. मेलरॉयला तेव्हा, फार उशिरा, ती झाकलेली भांडी आठवली आणि ती लग्नाची नव्हती हे कळलं. तो उठायला लागला. पण इव्हा माणसांच्या पायांतून वाट काढत आली, त्याच्याकडे न बघता त्याच्या मांडीवर चढून बसली, आणि पडद्यावरची इरावती म्हणाली, “ही मंडळी कोण?”

“शेजारी आहेत.”

“किती आहेत?”

मेलरॉयने मागे बघितलं. “सगळे,” तो म्हणाला.

सेबॅस्टियनला आत्ता कळलं, की ज्या बाईच्या हातात पोराची नोकरी आहे ती इथे समोरच आहे. त्याने केसांवरून हात फिरवला, चष्मा नीट केला, आणि लॅपटॉपसमोर वाकला.

“मॅडम, याला काढू नका. चांगला पोरगा हाय. पोर लहान हाय याची.” तो थांबला. “आणि काढायचंच असंल, तर चार माणसांत सांगून काढा. एकट्याला असं दार लावून नका सांगू.”

इरावतीने खुर्ची पुढे ओढली. तिच्याकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. तिने घाईने आवाज बंद केला, पुन्हा चालू केला, आणि सांगितलं की काका, मी कोणाला काढत नाहीये, मी फक्त घर बघतेय.

“मग बघा ना,” सेबॅस्टियन म्हणाला, आणि त्याने लॅपटॉप उचलला.

त्याने घर दाखवलं. नीट दाखवलं, मुलगी द्यायला आलेल्यांना दाखवतात तसं. मेलरॉयच्या बापाने घातलेली फरशी दाखवली. वेळापत्रकाचे हिरवे चौकोन दाखवले. मोरीतली भांडी दाखवली, आणि पोराची बायको पहाटे पाचला ड्युटीवर जाते मॅडम, भांडी नंतर हा घासतो, असंही सांगितलं. पेजेचं पातेलं उघडून दाखवलं. चंपाने मटारासकट हात जोडले. शेवटी ओट्यावर नेऊन गल्ली दाखवली, समोरचं आपलं घर दाखवलं, आणि परत येताना आडवं पडलेलं दार दाखवून म्हणाला, की याचं काही मनावर घेऊ नका, उद्या बसवून देतो. इरावती म्हणाली, की तिला जरा वेळ हवाय. तिचा चौकोन काळा झाला.

दुपारी डेल्फिन ड्युटीवरून आली. तिने दार ओलांडलं, म्हणजे खरोखरच पाय उचलून ओलांडलं, मेजावरची झाकलेली भांडी बघितली आणि पर्स न ठेवताच विचारलं, “कोण गेलं?”

मेलरॉयने सगळं सांगितलं. ती ऐकताना हसेल असं त्याला वाटत होतं, आणि ती एकदा हसलीही, घर दाखवलं त्या ठिकाणी. मग ती पेज वाढून घेऊन बसली. थोडी खाऊन झाल्यावर म्हणाली, की मी कायमची नाइट मागून घेते. तू रात्री येशील, मी निघेन. सकाळी मी येईन, तू निघशील. दिवसा इव्हा माझ्याजवळ.

“आणि तू झोपणार कधी?”

“ती शाळेत असेल तेव्हा.”

“आणि आपण?”

डेल्फिनने खांदे उडवले. “रविवार असतो ना.” मग ती ताटावर हात तसाच ठेवून बसल्या बसल्या झोपली. मेलरॉयने तिच्या बोटांना लागलेली पेज ओल्या फडक्याने पुसली. मागे एका सकाळी कीबोर्डच्या कळा पुसल्या होत्या तशीच, एकेक बोट.

पुढचे दिवस त्याने गल्लीला समजावण्यात घालवले. माझी नोकरी गेलेली नाही, असं तो सांगायचा, आणि लोक मान हलवायचे. सुरुवातीला सगळे असंच म्हणतात, असं आंटी इतरांना त्याच्यासमोरच म्हणाली. लवूने विमानतळावर सामान चढवणाऱ्या एका मुकादमाशी त्याच्याबद्दल बोलूनही ठेवलं. पगाराचा मेसेज दाखवला तेव्हा चंपा हळूच म्हणाली, की हिशोब चुकता करतात तेव्हा शेवटचा येतोच.

दार सेबॅस्टियनने बसवून दिलं, पण कडी बसवली नाही. शिवाय रोज सकाळी तो स्वतःच येऊन बसू लागला, खुर्ची आणि पेपर घेऊन, मेलरॉयच्या टेबलापासून हातभर अंतरावर. बोलायचा नाही. आंटीने सांगितलं होतं, एकट्याला ठेवायचं नाही. पहिल्या दिवशी मेलरॉयला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की इव्हा आता अंकलला प्रश्न विचारते. बदक अंकलने रंगवलं. आंघोळीला आंटी घेऊन गेली. दुपारी शाळेत लवू सोडून आला, कारण मेलरॉय बिचाऱ्याला चारचौघांत जायला कसं वाटत असेल. त्या आठवड्यात मेलरॉयचे सगळे दावे वेळेत तपासून झाले. गेल्या कित्येक महिन्यांत असं घडलं नव्हतं. निळा शर्ट धुवायला पडला तो तिथेच राहिला.

महिना संपत आला आणि उत्तर आलं नाही. डेल्फिनने कायमच्या नाइटचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला. रोज सकाळी ती तो द्यायला न्यायची आणि रोज परत आणायची.

शेवटच्या शुक्रवारी मेल आला. मेलरॉयने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि मग शेजारी बसलेल्या सेबॅस्टियनला वाचून दाखवला. आपणांस घरून काम करण्याची अनुमती कायम ठेवण्यात येत आहे.

सेबॅस्टियनने पेपर घडी करून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, “बाई चांगली होती. तिने ऐकलं.” त्याचे डोळे पाणावले होते, आणि ते कशासाठी हे मेलरॉयला कळलं, म्हणून त्याने स्क्रीनकडे बघितलं. दुपारपर्यंत गल्लीभर झालं, की सेबॅस्टियनने पोराची नोकरी वाचवली. आंटीने क्रूसाशी मेणबत्ती लावली. डेल्फिनला फोन गेला. ती वॉर्डात होती, फक्त “हं” म्हणाली आणि ठेवून दिला. मग तिने मेसेज पाठवला, की अर्ज फाडला.

मेलरॉयला वाटलं, इरावतीचे आभार मानायला हवेत. त्याने साधं पत्र लिहिलं. त्या सकाळी जे झालं त्याबद्दल क्षमा मागितली, आपलं घर, आपली माणसं तुम्ही समजून घेतलीत हे विसरणार नाही, असं लिहिलं, आणि सेबॅस्टियन अंकलचा नमस्कार कळवला.

इरावतीचं उत्तर तासाभरात आलं. काकांना नमस्कार सांगा, असं तिने आधी लिहिलं होतं. मग लिहिलं होतं, की तुमचा अहवाल मी अजून पाठवलेलाच नाही, कारण त्यात काय लिहावं हे मला सुचलं नाही. अनुमती सगळ्यांनाच दिली आहे, ज्यांची पाहणी झाली त्यांना आणि ज्यांची झाली नाही त्यांनाही. ऐरोलीचा ऑफिसचा मजला कंपनीने मार्चमध्येच, हजर व्हायचा मेल जायच्याही आधी, मालकाला परत केला होता.